घरून केक विकताय? आधी एवढं करा

ज्या दिवशी केकचे पैसे घेतले, त्या दिवसापासून कायद्याच्या नजरेत तुमचा खाद्यव्यवसाय सुरू झाला. मग तो केक वरच्या मजल्यावरच्या काकूंना दिलेला असो, नाहीतर इंदूरच्या छप्पन दुकान खाऊगल्लीत काउंटरवर ठेवायला दिलेला. इथे राजेंद्रनगर, सुदामानगरातल्या मुली मला विचारतात, "ताई, मी तर घरच्या ओव्हनमध्ये करते, मला कशाला लागेल लायसन?" बाळांनो, लागतं. आणि ते मुळीच अवघड नाही.

पहिलं काम एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी. अन्न सुरक्षा कायदा 2006 चा, नोंदणीचे नियम 2011 चे. त्या नियमांनी वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना छोटे व्यावसायिक मानलं आणि त्यांच्यासाठी वर्षाला 100 रुपये फी ठेवली. आपल्यासारख्या घरून करणाऱ्या बहुतेकजणी यातच बसतात. मोठा परवाना नाही, नुसती नोंदणी पुरते. अर्ज त्यांच्याच फॉसकॉस पोर्टलवर ऑनलाइन होतो. फोटो, आधार आणि जागेच्या पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाशी आधीच बोलून घ्या, नंतर कटकट नको. अर्ज स्वतः भरा, तासाभराचं काम आहे; एजंटला हजार-दोन हजार देण्यासारखं त्यात काही नाही. मग 14 आकडी नंबर मिळतो. तो डब्यावरही हवा आणि बिलावरही.

आता लेबल. माझ्या मते सगळ्यात जास्त जीव इथे लावायला हवा. इंदूरमध्ये जैन घरं भरपूर, आपल्यातही चातुर्मास पाळणारे कमी नाहीत, आणि ही माणसं डब्यावरच्या खुणेवर विश्वास ठेवून केक खातात. शाकाहारी असेल तर हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका. अंडं घातलं की तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण. 'केकमध्ये अंडं तर असतंच' म्हणून सोडून द्यायचं नाही. खरी फसगत होते ती जिलेटिनमध्ये. अंडं नसलं तरी तयार ग्लेझ, मार्शमॅलो, मूस यांत जिलेटिन असू शकतं आणि ते प्राण्यांपासून काढतात. असा केक एगलेस असला तरी शाकाहारी नाही. सियागंजाच्या बाजारातून सामान आणाल तेव्हा प्रत्येक पाकिटाची मागची बाजू वाचा. घट्टपणासाठी चायना ग्रास चालतं. दोन्ही प्रकारचे केक करत असाल तर बीटर, भांडी, टिन वेगळे ठेवा. खूण खरी ठरायची असेल तर एवढं करावंच लागतं.

त्याच लेबलवर घटक (ज्याचं वजन जास्त ते आधी), तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत खायचा ती तारीख, तुमचं नाव-पत्ता, आणि गहू, दूध, अंडं, सोया, शेंगदाणे, सुकामेवा यांतलं जे असेल ते ठळक लिहा. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या लेकराची आई तेवढी एकच ओळ शोधत असते.

वजनाचं बहुतेकींच्या लक्षातच येत नाही. आपण सर्रास 'एक पाउंडचा केक' म्हणतो, पण 2009 च्या वजनमाप कायद्यानुसार दर ग्रॅम-किलोतच सांगायचा. 500 ग्रॅम लिहा, आणि ते नुसत्या केकचं, खालचा बोर्ड आणि डबा धरून नाही. विक्रीसाठी तोलायचं तर काटा नापतौल (वजनमाप) विभागाचा शिक्का असलेला हवा. स्वयंपाकघरातला छोटा काटा रेसिपीपुरता.

रंग सुटा घेऊ नका. बंद बाटलीचा, एफएसएसएआय नंबर असलेलाच घ्या, आणि थेंब मोजून घाला, कारण कृत्रिम रंगाला मर्यादा आहे. चमकीच्या डबीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलं म्हणजे ती खाण्याची झाली असं नाही. खाण्याची चमकी आणि हस्तकलेची चमकी दिसायला सारखीच असते, म्हणून घटकांची यादी नसलेली डबी मी हातातसुद्धा धरत नाही.

बाकीचं थोडक्यात. दुकान काढलंत तर गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, करून घ्या. जीएसटी नोंदणीसाठी मालाच्या वर्षाच्या उलाढालीची मर्यादा आपल्या राज्यात 40 लाख आहे; पण केक-कुकीज मध्य प्रदेशाबाहेर पाठवायला लागलात तर आधी सीएला विचारा. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची नोंदणी सरकारी साइटवर फुकट होते, कर्ज घेताना उपयोगी पडते. तिचे पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. घरगुती 14.2 किलोचं सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. गॅसवर काम करत असाल तर व्यावसायिक सिलिंडर घ्या.

आणि केकसोबत देतो ती प्लास्टिकची सुरी, चमचे, सजावटीचा थर्माकोल हे सगळं 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहे. लाकडी सुरी आणि पुठ्ठ्याचा बोर्ड बेकरी सामानाच्या दुकानात मिळतो. पहिली ऑर्डर घ्यायच्या आधीच तो आणून ठेवा.