पुढचा ब्रेक दाबला की ‘टक्’

खंबाटकी घाट उतरताना बाईकचा पुढचा ब्रेक दाबला की हँडलात ‘टक्’ व्हायचं. मेकॅनिक म्हणाला, शॉकअपचं ऑइल बदला. बदललं, आवाज तसाच. पैसे गेले ते गेलेच.

रविवारी गाडी मेन स्टँडवर घेतली, मागे भावाला बसवून पुढचं चाक उचललं. दोन्ही शॉकअप खालून धरून पुढेमागे हलवले, तर चक्क ढिले. हँडल सावकाश फिरवलं, तर बरोबर मध्यावर अडकायचं. म्हणजे कोनसेट, हँडल ज्यावर फिरतं ते छऱ्यांचं बेअरिंग! काढला तेव्हा वाटीत छऱ्यांचे खड्डे दिसले.

नवा बसवताना नट मी जरा जास्तच आवळला. मग हळू चालवताना गाडी डुलायला लागली, सरळ जाईचना. नट जेमतेम अष्टमांश फेरा सैल केला. आता चाक उचलून हँडलाला बोट लावलं की ते आपोआप कडेला जातं. ‘टक्’ गायब.