सपोर्ट पर्सन व्हायचंय? मग साक्षीच्या आधी लेकराची 'प्रॅक्टिस' घेऊ नका

मी नागपुरात चार वर्षांपासून पॉक्सोच्या (लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) केसेसमध्ये सपोर्ट पर्सन, म्हणजे केस चालेपर्यंत लेकराच्या सोबत राहून आधार देणारी व्यक्ती, म्हणून काम करून राहिली. दोन-तीन नवीन पोरींनी विचारलं की ताई आम्हालाही यायचंय, कुठून सुरुवात करू, म्हणून हे लिहिते. कायदा अन् 2020 चे नियम तुम्ही वाचले असतील, बाल कल्याण समिती नेमणूक कशी करते तेही माहीत असेल, त्यात वेळ घालवत नाही. इथं ओळख पटेल असं सगळं मी बदललंय. तुम्हीपण घरी, नवऱ्याजवळसुद्धा, लेकराचं नाव काढायचं नाही.

माझी दुसरीच केस. अकरा वर्षांची पोरगी, आरोपी सख्खा मामा, अन् घर त्याच्याच पगारावर चालायचं. आई सुरुवातीला पोरीसोबत होती, मग किराण्याचे वांधे झाले, आजी रोज रडायला लागली, अन् आई म्हणायला लागली की झालं ते झालं, आता मिटवा. समितीनं पोरीला मानेवाड्याला मावशीकडे ठेवलं होतं. अशा वेळी लेकरू एकदम एकटं पडते, म्हणून मी जास्तच जीव लावला अन् तिथंच चुकली.

साक्षीच्या दोन दिवस आधी मी तिच्याकडे गेली. एका सीनिअर बाईंनी सांगितलं होतं, "जरा प्रॅक्टिस करून घे, पोरं कोर्टात गडबडतात." मी विचारलं, कधीची गोष्ट गं? ती म्हणाली, "आजोबांनी कूलरला नवीन ताट्या लावल्या त्या दिवशी." (ताट्या म्हणजे कूलरच्या बाजूंना लावतात त्या गवताच्या जाळ्या.) जबाबात मार्च लिहिला होता. मी म्हटलं, बेटा, कूलरचं नको सांगू, सरळ मार्च म्हण. तीनदा म्हणवून घेतलं.

पॉक्सोत वकील लेकराला थेट प्रश्न विचारत नाही, तो न्यायाधीशांना सांगतो अन् न्यायाधीश विचारतात. मामा पडद्याच्या पलीकडे होता. न्यायाधीश मॅडमनी अगदी हळू विचारलं, महिना तुला आठवतो की कोणी सांगितला? पोरगी रुमालाची किनार बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. तिनं माझ्याकडे बघितलं अन् म्हणाली, "ताईंनी सांगितला." खरं बोलायचं हेही मीच तिला सांगितलं होतं.

माझे हातपाय गार पडले. आता नीट समजून घ्या, कारण हे मला कोणी समजावलं नव्हतं. लेकराची एकटीची साक्षसुद्धा शिक्षेला पुरते, पण ती विश्वासाची वाटली तर, अन् कोर्ट सगळ्यात आधी हेच बघते की हिला कोणी पढवलं तर नाही. तुम्ही एक महिना दुरुस्त केला की बाकीच्या शंभर खऱ्या गोष्टींवरही तोच डाग लागतो. तुम्ही चांगल्या मनानं केलं की वाईट, हे तिथं कोणी विचारत नाही. घटनेबद्दल आपण विचारायचंच नाही. पोरगी आपणहून बोलली तर ऐकायचं, तिच्या तोंडात शब्द घालायचा नाही, तारीख जुळवायची नाही, "असं नाही, तसं झालं ना?" तर अजिबात म्हणायचं नाही. जबाबात अन् बोलण्यात फरक दिसला तर ते सरकारी वकिलांना सांगा, ते त्यांचं काम आहे. अन् लेकरं गोष्ट महिन्यानं लक्षात ठेवतच नाहीत, ती कूलरनं, मारबतीच्या सणानं, परीक्षेनं लक्षात ठेवतात. मी तिची खरी आठवण पुसून माझी बसवली.

मग करायचं काय? भरपूर आहे. आधी एकदा सिव्हिल लाइन्सला कोर्टात घेऊन जा, परवानगी काढून रिकामी रूम दाखवा, कोण कुठं बसते ते सांगा. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हण, प्रश्न कळला नाही तर "कळला नाही" म्हण, हे सांगा. थकली तर ब्रेक मागता येतो, कायद्यातच आहे. अंतरिम भरपाईचा, म्हणजे निकालाआधीच मिळणाऱ्या मदतीचा, अर्ज लवकर लावायला लावा, घरात पैसा नसला की आईचं मन फिरते हे मी डोळ्यानं बघितलंय. कलम 35 म्हणते 30 दिवसांत लेकराची साक्ष, शक्य तोवर वर्षभरात खटला, पण आमची साक्षच चौदाव्या महिन्यात झाली, तेवढा काळ टिकायची तयारी ठेवा. दोन दिवसांच्या सर्टिफिकेटवर हे काम येत नाही. अन् तुम्हाला शिकवणारी व्यक्ती लेकरापेक्षा जास्त बोलत असेल तर दुसरी शोधा.

घाबरू नका मात्र. मी चुकली तरी त्या दिवशी सगळं बुडालं नाही. मॅडमनी तिला परत विचारलं, बरं, तुला स्वतःला काय आठवतं? पोरीनं रुमाल सोडला. म्हणाली, "कूलरला नवीन ताट्या होत्या, ओल्या, त्याचा वास येत होता." ते तसंच्या तसं लिहून घेतलं गेलं. निकाल अजून यायचा आहे. पुढच्या तारखेला मी मावशीसोबत जाणार आहे, डब्यात पोरीसाठी पोहे घेऊन.