कर्ता माणूस जीव देऊन गेला त्या घरी जाताना या चुका टाळा

औसा तालुक्यात आमच्या गल्लीत दोन वर्षांत दोन घरचे कर्ते गेले, दोघंबी शेतकरी, आणि दोन्ही टायमाला आम्ही गावकऱ्यांनी त्याच चुका केल्या म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक, बसायला जाऊन "असं कसं केलं वो, तुम्हाला काहीच कळलं नाही का?" विचारणं. दिवसभर माणसं येतात आणि त्या माउलीला परत परत तेच सांगावं लागतं, ती आधीच रात्ररात्र स्वतःला हेच विचारतीय. काही सुचत नसेल तर गप बसा, जनावरांना पाणी दाखवा, पिठलं-भाकरी नेऊन द्या.

लेकरांना "पप्पा गावाला गेलेत" सांगू नका, शाळेत दुसरी पोरं सांगतातच. जवळच्या माणसानं सोप्या शब्दांत खरं सांगावं आणि "तुझ्यामुळं नाही झालं बाळा" हे मुद्दाम म्हणावं.

फोटो स्टेटसला टाकणं तर लगेच बंद करा.

कागदपत्राकडं मात्र कुणी बघतच नाही, आमच्याकडं एक केस यातच अडकली. सरकारी मदत 1 लाखाची, त्यातले 30 हजार रोख आणि 70 हजार ठेव म्हणून, पण प्रस्ताव तहसीलमधून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढं जातो आणि तिथं पंचनामा, पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट, सातबारा, कर्जाची कागदं बघतात. कर्ज बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवाना असलेल्या सावकाराचं लागतं, पाहुण्यांकडून घेतलेले हातउसने धरत नाहीत. म्हणून गावातल्या एका शिकलेल्या पोरानं पहिल्यापासून सोबत फिरावं.

तेरावा झाला की आपण मोकळे होतो, तिथंच खरं चुकतं. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप पाहिलेली आमची म्हातारी माणसं सांगतात, पहिले काही दिवस मदतीचे ट्रकच्या ट्रक आले, जड गेलं ते नंतर पत्र्याच्या शेडात. इथंबी तसंच हाय, सोयाबीन काढायला येतं तेव्हा त्या घरी माणूस नसतो, तवा मळणीला जा.

आणि घरातलं कुणी "मलाबी नको झालंय" म्हणलं तर "येड्यासारखं बोलू नको" म्हणून उडवून लावू नका. जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, हे सरळ विचारा, विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नसतो. फवारणीची औषधं घरातून हलवा, एकटं सोडू नका. टेली मानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिचा 14416 नंबर फुकट हाय, रात्रीबी चालतो, मराठीत बोलतात. तुम्हीच नंबर लावून फोन हातात द्या आणि बोलणं होईस्तोवर शेजारी बसून राहा.