बेटावर फ्लाय रॉड घेऊन जाताय? या चुका पुण्यातच टाळा

हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट धरायला शिकलेला माणूस मालदीवच्या गुडघाभर पाण्यात उभा राहिला, की त्याचा पहिला मासा बहुतेक वेळा सुटतो. माझाही सुटला. दीड-दोन किलोचा बोनफिश तीस फुटांवर डोकं खाली घालून वाळू उकरत होता, शेपटीचं टोक पाण्याबाहेर चमकत होतं. फ्लाय (पिसं-केस बांधलेला, आमिषाचं काम करणारा हुक) नीट पडली, त्याने वळून ती घेतली आणि मी सवयीने रॉड वर उचलला. क्षणात पाणी रिकामं.

फ्लॅट्स म्हणजे बेटाभोवतीचे उथळ वाळूचे, प्रवाळाचे पट्टे. तिथे मासा सुटतो तो बहुधा नदीवरच्या सवयींमुळे. आणि त्या मोडायच्या तर तिकीट काढल्यापासून पुण्यातच मोडायला हव्यात.

रॉड उचलू नका, लाइन ओढा

बोनफिश तळावरची कोळंबी-खेकडे शोषून घेतो. रॉड उचलला की फ्लाय तळावरून वर उसळते. हुक रुतला नसेल, तर घास गेलाच आणि मासाही बिथरला. त्याऐवजी रॉडचं टोक पाण्याला टेकलेलं ठेवून डाव्या हाताने लाइन सरळ मागे खेचायची. याला स्ट्रिप स्ट्राइक म्हणतात. हुक रुतला नाही तरी फ्लाय फूटभरच सरकते, पळणाऱ्या कोळंबीसारखी, आणि मासा पुन्हा मागे येतो.

डोक्याला कळून उपयोग नाही, हाताला कळायला हवं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी लेकीच्या हातात लीडरचं, म्हणजे लाइनच्या पुढच्या बारीक दोऱ्याचं, टोक देतो (फ्लाय न बांधता). मी लाइन हळूहळू ओढत राहतो, ती मनात येईल तेव्हा हिसका देते. हिसका बसला की फक्त डावा हात मागे. रोज वीस मिनिटं, पंधरा दिवस. पहिले चार दिवस उजवा हात वर जातच होता. हा सराव चुकवू नका, कारण बाकी सगळं जमूनही मासा इथेच जातो.

हुक रुतला की पुढची चूक लगेच होते: लाइन घट्ट धरणं. बोनफिश सुसाट पळतो. त्या वेळी माशाकडे न पाहता पायाशी पडलेल्या लाइनकडे पाहा. ती बोटांमधून सैल सरकू द्या, बुटाला किंवा रीलच्या मुठीला अडकणार नाही एवढं सांभाळा. सगळी लाइन रीलवर आली की मग रॉड वर धरा.

मासा शोधू नका, सावली शोधा

बोनफिशचे खवले आरशासारखे असतात, वाळूवर तो दिसतच नाही. दिसते ती त्याची वाळूवर सरकणारी सावली किंवा पाण्यावर उठलेली बारीक थरथर. पोलराइज्ड चष्मा हवाच, तोही तांबूस काचेचा. काळपट काच उथळ पाण्यात फार अंधारते. ऊन पाठीशी ठेवून चाला आणि पाण्याच्या पृष्ठभागाऐवजी तळाकडे पाहा.

गाइड म्हणतो, ‘अकरा वाजता, चाळीस फूट’. बोटीचं नाक म्हणजे बारा. आपण घाईत भलतीकडे पाहतो, चाळीस फूट म्हणजे किती हेही अंगात भिनलेलं नसतं. पुण्यात एखाद्या मैदानावर तीस, चाळीस आणि पन्नास फुटांवर विटा ठेवा, दुसऱ्याला आकडे पुकारायला सांगा आणि एक-दोन फॉल्स कास्टमध्ये (लाइन खाली न टेकवता हवेत मागेपुढे फेकून) ती पोचवा. फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधा. सकाळच्या शांत हवेत नव्हे, मे महिन्यातल्या दुपारच्या वाऱ्यात करा. उजव्या खांद्याकडून वारा आला की फ्लाय कानावर येते. अशा वेळी माशाकडे पाठ करून उभं राहा आणि मागचा कास्ट त्याच्याकडे सोडा. हेही मैदानावरच जमवायचं.

सुट्टीची तारीख

शाळेला सुट्टी म्हणून मे महिन्यात मालदीवचं बुकिंग करणं ही पुणेकरांची नेहमीची चूक. तिथे साधारण मेपासून नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होतात. ढग आले की सावली दिसत नाही, मग सगळंच अवघड. जानेवारी ते एप्रिल बरं.

तारीख ठरवताना तिथीही पाहा. गुहागरला आजोबा सांगायचे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता. हा हिशेब आपल्या किनाऱ्यापुरता. बेटावर त्याच्या भरवशावर राहू नका, तिथलं भरती-ओहोटीचं कोष्टक मागून घ्या. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचं भांग (कमी चढ-उताराची भरती) मात्र तिथेही असतंच. पाणी चढू लागलं की मासे खोल पाण्यातून पट्ट्यावर येतात, तेव्हा तुम्ही तिथे उभे हवेत. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते, त्यामुळे ती हॉटेलच्या नाश्त्याशी जुळत नाही. घरच्यांशी हे निघण्याआधी बोलून ठेवा.

सामान

बोनफिशला आठ वजनाचा (म्हणजे आठ क्रमांकाच्या लाइनसाठीचा) नऊ फुटी रॉड पुरतो. लाइन मात्र उष्ण कटिबंधासाठी बनवलेलीच घ्या. थंड पाण्याची लाइन तिथल्या उन्हात नरम पडते, रॉडवरच्या कड्यांना चिकटते. उलट हीच लाइन डिसेंबरच्या सकाळी पुण्याच्या मैदानावर स्प्रिंगसारखी वळते. ती खराब निघाली असं समजून परत करू नका. दोघांनी दोन टोकं धरून ताणा, सरळ होते.

क्रेझी चार्ली ही बहामातल्या अँड्रोस बेटावर १९७७ मध्ये जन्मलेली फ्लाय आजही चालते, पण एकाच वजनाच्या डझनभर नेऊ नका. घोट्याएवढ्या पाण्यात मण्यांच्या डोळ्यांची हलकी, मांडीएवढ्या पाण्यात शिशाच्या डोळ्यांची. मासे मागे येऊनही घेत नसतील, तर रंग बदलण्याआधी फ्लाय तळाला पोचते का ते पाहा.

पाय आणि मासा

जाड तळाचे बूट घाला आणि पाय उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूत बसलेला स्टिंगरे म्हणजे पाकट त्या कंपनाने निघून जातो. स्टोनफिश, म्हणजे दगडासारखा दिसणारा विषारी काट्यांचा मासा, मात्र हलत नाही, म्हणून प्रवाळाच्या तुकड्यांवर पाय देऊ नका. काटा लागलाच तर भाग सोसवेल तितक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, बुडवून ठेवा आणि थेट डॉक्टर गाठा.

मासा सोडायचा असेल तर हुकचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबा, हात ओले करा आणि मासा पाण्यातच ठेवा. फोटोसाठी तो वाळूवर आडवा ठेवलेला पाहिला की मला वाईट वाटतं. दमलेला मासा सोडताना जवळ शार्क फिरत असेल तर थोडं दूर नेऊन सोडा.

मीठ

रील संध्याकाळी गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धुवा, जोराच्या फवाऱ्याने नको, त्याने मीठ आत शिरतं. ड्रॅग (रीलचा ब्रेक) सैल करून ठेवा. वापरलेली फ्लाय मूळ डबीत परत घालू नका. परतल्यावर आठवड्याने मी डबी उघडली तेव्हा एका ओल्या फ्लायपासून अख्ख्या रांगेच्या हुकांवर तांबूस गंज चढला होता, पांढऱ्या केसांवरही त्याचे डाग. आता खिशात वेगळी डबी असते. रात्री त्यातल्या फ्लाय ग्लासभर गोड्या पाण्यात हलवतो, पंख्याखाली टॉवेलवर पसरतो आणि सकाळी कोरड्या झाल्यावरच जागेवर लावतो.