काम न थांबवता: घरातल्या रोजच्या दिवसाची छायाचित्रे

घरातल्या माणसांचे छायाचित्र काढायचे म्हटले की आपण आधी त्यांचे काम थांबवतो, त्यांना एका ओळीत उभे करतो आणि हसायला सांगतो. त्यामुळे लग्नकार्याचे अल्बम भरतात, पण आजी बिबडे (ज्वारीचे पापड) कशी थापत असे, हे दाखवणारे एकही चित्र मागे उरत नाही. माझ्या घरी ते उरले नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

सुरुवात उजेडापासून करावी. खानदेशातील जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांच्या भिंती जाड आणि खिडक्या मोजक्या असल्याने आतला उजेड मुख्यतः दारातून येतो. एक दिवस काहीही न टिपता तो सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला कुठे पडतो, एवढेच पाहावे. उंबऱ्यापासून दोन-तीन हात आत, दाराकडे एक बाजू करून गहू निवडत बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावर उजेड एका बाजूने येतो आणि सुरकुत्या, हात, सुपातले दाणे सारे उठून दिसते. दार तिच्या पाठीमागे आले, तर चेहरा काळा पडतो. वैशाखातल्या दुपारी अंगणात छायाचित्रे काढू नयेत, मात्र त्याच वेळी अंगणातून परतून ओसरीत येणारा उजेड मऊ आणि भरपूर असतो. दिवसा ट्यूबलाइट बंद ठेवावी, कारण दोन प्रकारचे उजेड मिसळले की त्वचेचा रंग बिघडतो. फ्लॅश तर वापरूच नये.

चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांनी आयुष्यातील अनेक दशके घराबाहेर क्वचितच पाऊल टाकले, आणि तरीही टेबलावर वस्तू मांडून केलेल्या छायाचित्रांसाठी ते नावाजले गेले. घर लहान आहे, त्यात टिपण्यासारखे काही नाही, असे वाटले की मला त्यांची आठवण होते.

पुरणाचे मांडे होत असतील, तेव्हा मात्र खरी कसोटी लागते. चुलीवरचे पालथे मातीचे खापर काळे, मांडा पांढरा आणि मध्ये धूर. चौकटीचा बराच भाग काळा असल्याने कॅमेरा सगळेच चित्र उजळ करू पाहतो आणि मांडा पांढराफटक होऊन त्याचा पोत नाहीसा होतो. मोबाइलच्या पडद्यावर मांड्यावर बोट टेकवून उजेड थोडा कमी करावा. हातांवर झुलणारा मांडा खापरावर पडण्याचा क्षण अगदी थोडा असतो, म्हणून पहिले तीन-चार मांडे नुसते पाहून हातांची लय ओळखावी आणि मगच सलग पाच-सहा चित्रे घ्यावीत. चुलीजवळ जमिनीवर बसूनच काढावे. उभ्याने काढले तर फक्त डोकी आणि पदर येतात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यासाठी शटरचा वेग, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड येऊ देण्याचा वेळ, १/५०० सेकंद किंवा त्याहून अधिक हवा, तर बसल्या कामाला १/१२५ पुरतो.

मुलांजवळ गुडघ्यांवर बसावे. मोबाइलचे रुंद दृश्य टिपणारे भिंग चेहऱ्याजवळ नेऊ नये, नाक मोठे दिसते. एक पाऊल मागे सरून दुप्पट झूम घ्यावा. काढण्यापूर्वी भिंग सुती कापडाने पुसावे, कारण स्वयंपाकघरात त्याच्यावर तेलाचा थर हमखास बसतो. कोणाला नको असेल, तर एकदा विचारून थांबावे. घरचे असले तरी नकार हा नकारच असतो.

महिन्याअखेरीस दहाच चित्रे निवडून त्यांच्या प्रती छापाव्यात, मूळ फायली दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि छापील प्रतीच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, महिना आणि चाललेले काम लिहावे. उन्हाळ्यात जळगावकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा या प्रती पत्र्याखालच्या माळ्यावर न ठेवता घरातल्या सर्वांत गार खोलीतल्या कपाटात ठेवाव्यात.