दुसऱ्या पोराला कोणी छळताना बघितलं तर काय करायचं, हे पोरांना घरीच शिकवा

गेल्या वर्षी लेक सहावीत होती, एक दिवस शाळेच्या ऑटोतून उतरली ती एकदम गप्प. रात्री जेवताना बोलली. ऑटोत दुसरीतला एक पोरगा आहे, घरी कन्नड, मराठी अजून जिभेवर बसलेलं नाही, "माझा आई आला" म्हणाला की मोठी पोरं तेच तेच त्याच्याकडून दहादा म्हणवून घेतात आणि हसतात, डबा सीटखाली लपवतात. मी विचारलं तू काय केलीस, तर म्हणाली काही नाही. आणि मी काय म्हटलं, जाऊ दे, आपण कशाला मधे पडायचं. ते बोलायला नको होतं मी. त्यानंतर तिनं ऑटोतलं काही सांगायचंच बंद केलं. वाईट याचं वाटतं की आपल्या बेळगावात, खानापुरात, निपाणीत कन्नड चुकलं म्हणून वर्गात हसू झालेली मराठी माणसं घरोघरी आहेत, मग तेच उलटं एका लहान पोरावर चाललेलं असताना मी असं कसं बोलले.

तर पोरगं सांगायला लागलं की आधी ऐकून घ्या, "तू का नाही बोललास" असं लगेच विचारू नका. भीती वाटली असेल तर वाटू दे, मोठ्यांना पण वाटतेच की. मग शांतपणे विचारा, तिथं बघणारे किती होते, हसत कोण होतं, गप्प कोण होतं. कॅनडात शाळांच्या मैदानावर कॅमेरे लावून केलेला एक अभ्यास 2001 मध्ये आला होता, त्यात छळाच्या 88 टक्के वेळा दुसरी पोरं तिथंच हजर होती, मधे पडली फक्त 19 टक्के वेळा, पण पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा तो प्रकार 10 सेकंदांत थांबला. लेकीला मी हे सांगितलं, 10 सेकंद म्हटल्यावर तिचे डोळे मोठे झाले.

आता खरं काम म्हणजे प्रॅक्टिस. नुसतं "धीट हो" म्हणून काही होत नाही, तोंडात वाक्य तयार पाहिजे. आम्ही भाकऱ्या करता करता करायचो, मी दांडगी पोरगी व्हायचे, धाकटा छळलेला पोरगा, आणि लेक बघणारी. पहिल्या दिवशी तिचा आवाजच फुटेना. चार-पाच दिवसांनी जमलं. वाक्य छोटं ठेवा, "ए, बस की आता", समोरचा कन्नड असेल तर "साकु बिडो", म्हणजे पुरे, सोड रे. पण माझ्या मते सगळ्यात चांगलं म्हणजे छळणाऱ्याशी बोलायचंच नाही, ज्याला छळतायत त्याला हाक मारायची, "ए, इकडं ये, माझ्याजवळ बस", नाहीतर कन्नडात "बारो, होगोण", म्हणजे ये रे, जाऊया. यात भांडण होत नाही, कोणाचा इगो दुखत नाही आणि ते पोरगं तिथून सुटतं. लेकीनं हेच केलं, आता तो रोज तिच्या बाजूला खिडकीकडं बसतो आणि डबा तिच्या बॅगेत असतो.

लाजाळू पोराला हे पण जमत नसेल तर एवढं तरी शिकवा की हसायचं नाही. आणि नंतर एकटा सापडला की त्याला म्हणायचं, मी बघितलं, ते बरोबर नव्हतं. एकट्यानं जायला भीती वाटली तर दोघं मिळून जायचं.

मारामारी असेल, दगड-पट्टा हातात असेल, किंवा पोरं खूप मोठी असतील तर मधे अजिबात पडायचं नाही, पळत जाऊन बाईंना, सरांना, ऑटोमामांना सांगायचं. इथं पोरं अडतात, "चुगलखोर म्हणतील". त्यांना सांगा, कोणाला मार बसावा म्हणून सांगितलं तर चुगली, कोणाची सुटका व्हावी म्हणून सांगितलं तर नाही. सांगताना पण नेमकं सांगायला शिकवा, "बाई, मधल्या सुट्टीत नळाजवळ, कालपण आणि आजपण", म्हणजे मोठ्यांना टाळता येत नाही. व्हॉट्सअपवर कोणाचा फोटो टाकून चिडवत असतील तर फॉरवर्ड करायचं नाही, हसायची इमोजी पण नाही, स्क्रीनशॉट काढून घरी दाखवायचा.

आणि छळणारे मास्तरच असतील तर? तेव्हा पोराला पुढं करू नका, तुम्ही जा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम 17 मध्ये पोरांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला सरळ बंदी आहे. अर्ज कागदावर द्या, आपल्या कॉपीवर तारीख आणि सही घ्या, आणि 1098 हा पोरांसाठीचा फुकट नंबर आहे तो फ्रिजवर लिहून ठेवा, पोरांच्या नजरेत येईल एवढ्या उंचीवर.