नाव गाळलं तरी माणूस सापडतो

लेखासाठी मुलाखत द्यायला तयार झालेला माणूस एकदा तरी विचारतोच, ‘माझं नाव छापून येणार नाही ना?’ पूर्वी मी ‘छे हो, निश्चिंत राहा’ म्हणून मोकळी व्हायचे. आता उलट विचारते, ‘नेमकं कुणाला कळायला नकोय?’ साहेबांना, घरच्यांना, की अनोळखी लोकांना? पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरतं.

ही अक्कल ठेच लागून आली. रात्र रात्र ऑनलाइन बुद्धिबळ खेळणाऱ्या एका बाईंशी मी बोलले होते. नाव बदललं, गाव गाळलं. पण ‘वजीर गेला की फोन उशीखाली सारते आणि झोपल्याचं सोंग घेते’ हे त्यांचं वाक्य इतकं आवडलं की जसंच्या तसं ठेवलं. त्यांच्या जावेनं तेवढ्यावरून ओळखलं. घरात हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं होतं.

२००६ साली एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीनं सुमारे साडेसहा लाख लोकांनी इंटरनेटवर काय काय शोधलं याची यादी संशोधकांसाठी खुली केली. नावांऐवजी फक्त क्रमांक होते. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी काही दिवसांतच क्रमांक ४४१७७४९ च्या दारावर थाप मारली. त्या बाईंनी आपल्या गावातले बागकामवाले आणि आपल्याच आडनावाची माणसं शोधली होती, एवढा धागा पुरला.

म्हणून मुलाखतीआधीच दोन गोष्टी वेगळ्या करून सांगा. ‘मला तुमचं नाव माहीत आहे, पण मी ते फोडणार नाही’ हे एक आणि ‘मलाही नाव माहीत नाही’ हे दुसरं. जमेल तिथे दुसरंच बरं. जे मला माहीतच नाही ते माझ्याकडून फुटणार कसं? माघार कोणत्या तारखेपर्यंत घेता येईल तेही सांगून टाका.

टोपणनाव त्यांनाच निवडू द्या, पण ते आधी कुठे वापरलंय का ते विचारा. गंमत म्हणजे बरेच जण हौसेनं आपलं गेममधलंच नाव सुचवतात!

रेकॉर्डिंग फोनवर करत असाल तर ते आपोआप क्लाउडवर चढत नाही ना, हे आधी पाहा. मजकूर उतरवून झाला की फाइल पुसा. खरी नावं आणि टोपणनावं यांची जोडी मी कागदावर लिहिते आणि तो कागद मुलाखतींपासून लांब ठेवते. स्क्रीनशॉट मात्र कधीच छापत नाही. कोपऱ्यातला प्रोफाइल फोटो, ग्रुपचं नाव, वर डोकावणारं नोटिफिकेशन, काही ना काही निसटतंच.

सगळ्यात फसवी असतात ती लोकांनी स्वतः कुठेतरी लिहिलेली वाक्यं. अवतरण चिन्हांत घालून शोधलं की थेट मूळ पोस्ट समोर येते. छापण्याआधी तुम्हीच शोधून पाहा. सापडलं तर आशय तुमच्या शब्दांत सांगा आणि शब्द बदलल्याचं वाचकांना कळू द्या.

शेवटी मसुदा त्या माणसाला वाचायला द्या. बुद्धिबळवाल्या बाई वर्षभरानं पुन्हा बोलायला तयार झाल्या. या वेळी मी वाक्यं, वय, वेळा, सगळं चाळून घेतलं होतं. त्यांनी मसुदा वाचला आणि एकच शब्द खोडायला लावला: ‘डावखुऱ्या’.